गोदूचं ताट

माझी सासू ठकुबाई भोईर मालिका बघायला बसली की घरात शिंकायचीही चोरी. संध्याकाळी ‘दारी चांदणं’ सुरू झाली की भाविक, म्हणजे माझा नवरा आणि तिचा एकुलता एक मुलगा, फोन आला तर ओट्यावर जाऊन बोलायचा. गोडाउनचे भाडेकरू, ट्रकवाले, दलाल, सगळ्यांनी तोवर ताटकळायचं. मी टेमघरची. सून म्हणून पूर्ण्यात आल्यापासून या बाईशी माझं रोज काही ना काही वाजतं, पण त्या वेळी मीही तिच्या वाटेला जात नसे.

गंमत म्हणजे तिला ती मालिका आवडत नव्हती. सगळ्या बाया भांडकुदळ आणि झोपतातसुद्धा भरजरी साड्या नेसून, असं तिचं मत. ती बघायची फक्त माईला, म्हणजे मालिकेतल्या सासूला. त्यातही माईचे हात. माई जेवायला बसली की ही पुढे सरकत टीव्हीला नाक लावायची.

"बग क्षितिजा, बग. मधनं मोडली!"

भाकरीबद्दल बोलत असायची ती. माई गरम भाकरी काठाकडून मोडायची नाही. मधोमध बोट खुपसून वाफ जाऊ द्यायची आणि मग आतून बाहेर तुकडे काढायची. अशी भाकरी मोडणारं माणूस माझ्या सासूनं उभ्या जन्मात एकच पाहिलं होतं. तिची धाकटी बहीण, गोदू.

गोदू ऐन तारुण्यात, चाळीसेक वर्षांपूर्वी, वज्रेश्वरीच्या जत्रेतून घरी आली नाही. बरोबरच्या पोरी म्हणाल्या, गरम पाण्याच्या कुंडांपाशी चुकामूक झाली. सगळा गाव तिकडे लोटला. कुंडं पाहिली, नदी पाहिली, रान पालथं घातलं. गावातला एक म्हातारा सांगत होता की त्याच दिवशी दिवेलागणीला गोदू आपल्या शेताच्या बांधावरून जाताना दिसली. पण तो सकाळपासूनच प्यायलेला असायचा, त्याचं कोण ऐकतंय? मग लोकांच्या जिभा सुटल्या. मुंबईला पळाली, कुणाचा हात धरून गेली, नाटकात शिरली. सासूच्या आईनं त्यातलं नाटकाचं तेवढं धरून ठेवलं, कारण त्यात पोर जिवंत होती.

तेव्हापासून या घरात रोज संध्याकाळी गोदूचं ताट वाढलं जातं. आई गेल्यावर ते सासूकडे आलं. सासरे घरजावई, त्यामुळे घर तेच, चूल तीच, शेतही तेच. पितृपक्षात घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पानावर वाढून वाडी छपरावर ठेवतात, कावळा शिवला की पोचलं म्हणतात. आमच्याकडे सगळ्यांच्या वाड्या निघायच्या. गोदूची कधीच नाही.

"जित्या मान्साची वाडी घालीत न्हाय," सासू म्हणायची. आणि सकाळी ते झाकलेलं ताट मी कुत्र्यांना घालायचे. कुरकुर करतच घालायचे, खोटं कशाला बोलू? एवढ्या भाकऱ्या थापायच्या आणि एक रोज वाया घालवायची, याचा मला राग यायचा.

खाडीकडच्या शेतावर आम्ही गोडाउन बांधलं, पूर्ण्यात सगळ्यांनीच बांधली. आमच्याकडे साठवायला औषधं आली नाहीत की टीव्ही-फ्रिज आले नाहीत, मालिकावाले आले. ‘दारी चांदणं’चा सेट आमच्याच पत्र्याखाली उभा राहिला. सासूच्या मनानं घेतलं की माई झालेली ती चंद्रा नावाची नटी म्हणजे गोदूच. वयही जुळत होतं. हाकेच्या अंतरावर ती बाई रोज येत होती, पण सासू एकदाही तिकडे गेली नाही. भाविक म्हणाला, "आये, चल, एकदा भेटवतो." तर ही पदर तोंडाशी धरून मला म्हणाली, "आनि ती नसली तर गो? मंग मी ताट कोनाला वाढू?"



फाल्गुनात मालिकेतली माई वारली. चंद्राबाईंना दुसरीकडे काम मिळालं होतं म्हणे. माझी सासू दोन दिवस जेवली नाही. अवसेला सकाळी बघते तर तिनं निवट्यांचं कालवण केलेलं. खाडीच्या चिखलातले हे मासे साफ करायला जीव मेटाकुटीला येतो. तांदळाची भाकरी, कालवण, वर कांदा असं पान घेऊन ती गच्चीवर निघाली.

"कुणाची वाडी?" मी विचारलं.

"माईची. बिचारीला कोन हाय?"

मला हसूच फुटलं. "अहो आई, ती मालिकेतली बाई! आणि त्यांच्या घरात कांदासुद्धा खात नाहीत. निवट्या कसल्या घालताय तिला?"

सासू जिन्यातच थांबली. पानाकडे बघत राहिली. "हातानं झाला तसा केला," ती म्हणाली.

एरवी वाडी ठेवली की तासभर ‘का का’ करत बसावं लागतं, काय काय कबूल करावं लागतं, तेव्हा कुठे एखादा कावळा मान वाकडी करतो. त्या दिवशी पान कठड्यावर टेकायच्या आधी कावळा आला. तिच्या हाताला पंख घासून गेला. आणि एक नाही, ते पान पुसून निघेपर्यंत येतच राहिले. ओरडले मात्र नाहीत. इतके कावळे आणि आवाज नाही, हे मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

सासू मटकन खाली बसली. "ह्या गोदूचा आवडीचा जेवान," ती म्हणाली. "चंद्रा जर गोदू आसंल, तर जित्या बहिनीची वाडी घातली मी."

त्या दिवसापासून तिचं अन्न तुटलं. ताट मात्र रोज वाढायची.

वैशाखात मालिका संपली. सेटचा सगळा कारभार बघणारा केसरीनाथ घरी आमंत्रण घेऊन आला. शेवटच्या दिवशी सेटवरच सगळ्यांचं जेवण, जागेच्या मालकांनी यायलाच हवं. "आणि आईंच्या लाडक्या माई पण येणार आहेत," तो म्हणाला. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "निवट्या आनते मी."

आम्ही तिघं उजेडातच पोचलो. बाहेरून आपलं रोजचं गोडाउन. आत गेलो तर टीव्हीतलं ते घर, फक्त डोक्यावर छप्पर नाही. वर गोडाउनचा पत्रा तोलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि दिव्यांच्या रांगा. भिंतीला हात लावला तर पोकळ वाजली. तुळस प्लास्टिकची. घामानं सगळ्यांचे मेकअप ओघळत होते, आणि एकाही खिडकीबाहेर काही नव्हतं.

सासू कुणाकडे न बघता सरळ चालत स्वयंपाकघराच्या सेटपर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थबकली. तिथे गार होतं. अंगावर काटा यावा इतकं गार.

"इथं आम्हाला कधी पंखासुद्धा लावावा लागला नाही," केसरीनाथ कौतुकानं म्हणाला.

"हिते बाव होती," सासू म्हणाली. "आमची जुनी बाव. मचूल पानी, खारट, कोनी भरीत नवता."

भाविकनं मान डोलावली. ती विहीर त्यानंच बुजवून घेतली होती, पायाभरणीच्या वेळी.

दिवाणखान्यात लांबलचक टेबल मांडलं होतं. मधल्या खुर्चीवर चंद्राबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या बरोबर मागे भिंतीवर त्यांचाच हार घातलेला फोटो. समोर जिवंत बाई हसून पापड मोडते आहे आणि डोक्यावर तीच स्वर्गवासी. सासूनं आधी तो फोटो उतरवायला लावला. चंद्राबाई खळखळून हसल्या. "राहू द्या हो आई, असे हाराचे चार फोटो आहेत माझ्या घरी. दर दोन वर्षांनी मरते मी."

बाई लाघवी होती. सासूला तिनं ओढून शेजारी बसवलं. सासूनं डबा उघडला, तिच्या पानात निवट्या वाढल्या, फडक्यातली गरम भाकरी ठेवली. माईच्या वाडीला हसणारी मी, त्या क्षणी मलाही मनापासून वाटत होतं की ही गोदू निघू दे.

चंद्राबाईंनी भाकरीच्या मधोमध बोट खुपसलं. वाफ निघाली.

सासूनं त्यांचा डावा हात धरला आणि तळवा उलटा केला. गोदूच्या तळव्यावर विळ्याचा आडवा वण होता, हे मी शंभरदा ऐकलेलं. हा तळवा स्वच्छ होता. सासूनं त्यावरून अंगठा फिरवून पाहिला. मग हात सोडला.

"भाकर मोडायला कोनी शिकवली तुमाला?" तिनं विचारलं.

"तुमच्याच गावच्या पोरीनं," चंद्राबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी जेवणाचा सीन होता. मी पुण्याची, भाकरी मोडताना बोटं भाजली माझी. तर त्या किचनच्या कोपऱ्यात बसलेली एक पोरगी हसली आणि मला दाखवलंन, अशी मधनं फोडा. नंतर रोज असायची ती तिथं. हिरवं लुगडं, केसांत अबोली. सीनमधलं जेवण इतकं टक लावून बघायची, मला कसंतरी व्हायचं. खातेस का, विचारलं तर म्हणायची, हे मना चालत न्हाय."

केसरीनाथनं घास खाली ठेवला. "ताई, आपल्या किचनला बाई नव्हतीच कधी. दोघे बाप्ये होते."

"असं काय करतोस? रोज असायची."

भाविकनं पाण्याचा ग्लास धरला होता, तो तसाच.

"आता कुटं हाय ती?" सासूनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, शेजारणीची चौकशी करावी तसा.

"गेली ना. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. माझा स्वप्नातला एक सीन राहिला होता, तेवढ्यासाठी आले होते मी. सकाळचीच गोष्ट. पदरानं तोंड पुसत उभी होती. इतकी खूश मी तिला पाहिलीच नव्हती. काय म्हणाली, थांबा हं..." चंद्राबाई नकलाही छान करायच्या. त्यांनी मान तिरपी केली, आणि त्यांच्या तोंडून भलताच कोवळा आवाज आला. "‘जेवले आज. पोटभर जेवले गो. निंगते आता.’ आणि मागच्या दारानं गेली."

"ते दार नाही, ताई," केसरीनाथ कसाबसा म्हणाला. "ते भिंतीवर रंगवलेलं आहे."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. खरंच, फळीवर रंगवलेलं दार होतं. कडीसुद्धा रंगवलेली.

सासूनं तो आवाज ओळखला होता. मला ओळखायचं कारण नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर मी ते वाचलं. पाडव्याचा आदला दिवस म्हणजे अवस. वाडीचा दिवस.

"जत्रंशी घरी आलती ती," सासू म्हणाली, कुणाला उद्देशून कोण जाणे. "म्हातारा खरा बोलत होता. बांधावरना येताना अंधारात बावंत गेली. आमी सगली वज्रेश्वरीला शोधीत होतो, आनि ती हिते. आपल्याच शेतान."

मग ती रडली. चारचौघांत, मेकअप केलेल्या त्या सगळ्या माणसांसमोर, लहान पोरीसारखी रडली. "जित्याचा ताट मेल्याला पोचत न्हाय गो! रोज वाढला मी, रोज. आनि पोर माजी उपाशी बसली." मी तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घेतलं असेन.

चंद्राबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांच्या पानातली भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्याच दिवशी सेट मोडायला घेतला. भाविक म्हणाला, "आये, सांग, लादी फोडू. बाव उकरू. नुकसान होऊ दे काय व्हायचं ते." सासू नको म्हणाली. "ती निंगाली थितना. आता काय उकरतोस?" मी नंतर एकदा हिंमत करून रिकाम्या गोडाउनात गेले. स्वयंपाकघर होतं ती जागा मला ओळखता आली नाही. सगळीकडे सारखंच उकडत होतं.

जेवणाच्या त्या रात्री आम्ही घरी येऊन तसेच झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापायला बसले. टीव्ही बंद होता. हाताला सवय, पिठाचा एक गोळा जास्त झाला, आणि तो परातीत तसाच धरून मी बसले. टाकवेना, थापवेना. जिच्या भाकरीवर मी इतकी वर्षं कुरकुरले, तिच्यासाठी माझे डोळे भरून आले.

सासू दारात उभी होती. "थाप," ती म्हणाली. "मना भूक लागली हाय."

मी भाकरी तव्यावरून थेट तिच्या ताटात टाकली. तिनं मधोमध बोट खुपसलं. चटका बसला तसा हात झटकला, फुंकर मारली. मग वाफ जाऊ दिली आणि जेवायला लागली.