चिंगीला चालवायचं होतं

अड्याळच्या बाजारामागे धनीरामचं किराण्याचं दुकान होतं. त्यांच्या डोक्यातलं पुसलं जायला लागलं, गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ जायला लागलं, तेव्हा गोदावरीबाईंनी दुकानाला कुलूप लावलं. पोटी मूल नाही. घरात दोघं नवराबायको आणि दुकानातल्या उंदरांसाठी आणलेली मांजर, चिंगी. आली तेव्हा मुठीत मावायची म्हणून ते नाव.

आता तिला उचलताना गोदावरीबाईंची कंबर धरायची. कारण धनीराम खायला घालायचे आणि विसरायचे. दूधभात झाला की बिस्किट, बिस्किट झालं की ताटातली मासोळी. "सकाळपासून उपाशी आहे बिचारी," असं दर वेळी तितक्याच कळवळ्यानं म्हणायचे. बायकोचं नाव अडखळायचं, पण चिंगीचं कधीच नाही.

पावसाळ्यानंतर चिंगीचे मागचे पाय उचलेनात. ती फरशीवरून घसटत पुढे सरके आणि मध्येच बसून राही. गोदावरीबाई तिला टोपलीत घालून एसटीनं भंडाऱ्याला घेऊन गेल्या.

जनावरांच्या डॉक्टर रिता तरुण होत्या. त्यांनी पाय चाचपून पाहिले. "काकू, वजनानं सांधे गेले हिचे. खाणं कमी करा, पण हळूहळू. मांजर एकदम उपाशी राहिली तर जिवावर बेततं. आणि हिला चालवा."

"मांजरीले कसं चालवू, बाई?"

डॉक्टरांनी दाखवलं. मागचा पाय हलक्या हातानं दुमडायचा, सरळ करायचा. खाणं एका जागी न देता थोडं इथे, थोडं तिथे ठेवायचं. दोरीला चिंधी बांधून पुढे ओढायची.

गोदावरीबाई नेमानं करू लागल्या. ओसरीभर चिंधी ओढत फिरायच्या. चिंगी दोन पावलं टाकायची, मग तिच्या ध्यानात यायचं की खाटेवरून आपोआप मिळतं. ती सरळ धनीरामच्या पायाशी जाऊन बसायची.

"देऊ नका तिले, तुमच्या पाया पडतो मी!"

"मी कुठं देल्लो?" धनीराम खरोखरच गोंधळायचे. हातात बिस्किटाचा अर्धा तुकडा असायचा.

शेवटी गोदावरीबाईंनी चिंगीला करडीला, बहिणीच्या मुलीकडे पोचवलं. दीपमालाचं घर शेताला लागून, माणसं दिवसभर बांधावर. आयतं भरवायला तिथे कोणी नव्हतं. काही दिवसांनी तिचा फोन आला, "मावशी, आज धानाच्या पोत्यावर चढली!"

गोदावरीबाईंना आनंदानं रडू आलं. पण इकडे धनीरामनी जेवण सोडलं होतं. खाटेखाली वाकून वाकून हाका मारायचे. एका दुपारी दार उघडं दिसलं आणि ते निघून गेले. गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर सापडले, धोतर चिखलानं भरलेलं. "चिंगी पाण्यात गेली," म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई करडीला गेल्या. चिंगी धानाच्या पोत्यावरून टुणकन उडी मारून त्यांच्याकडे आली. त्यांनी तिला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं. "मावशी, राहू दे ना," दीपमाला म्हणाली. गोदावरीबाईंनी फडक्याची गाठ आवळली.

थंडी सरेपर्यंत चिंगी पुन्हा घसटू लागली. डॉक्टरांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "जमेल तेवढं करा, काकू."

त्या दिवशी गोदावरीबाई ओसरीवर चिंगीचा पाय मांडीवर घेऊन दुमडत होत्या, सरळ करत होत्या. चिंगी दुखून विव्हळली. धनीराम उठून बिस्किट घेऊन आले. गोदावरीबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

धनीराम दचकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. परक्या बाईनं अडवावं तसे घाबरे डोळे. "सोडा ना, बाई," ते हळूच म्हणाले, "भुकी आहे ते."

गोदावरीबाईंनी हात सोडला.