गोधडीचा चौथा कोपरा

हाजराबी भद्रकालीच्या देवळाजवळच्या आळीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची आणि गोधड्या शिवायची. तिचा धावदोरा इतका सरळ, की मला तिचा रागच यायचा. तिची एक रीत होती. बाळंतिणीच्या गोधडीचे तीन कोपरे शिवायचे आणि चौथा उघडा ठेवायचा. बाळ दिसलं की त्याला गोधडीवर निजवून बाळंतिणीच्या आईनं तो बंद करायचा. त्याआधी ती तशीच दुसऱ्या कुणाकडं गेली तर बाळंतीण दगावते, असं ती मानायची.

तिची एकुलती एक लेक जहिदा रंगूनला दिली होती. अडतीस साली ती बाळंतपणाला माहेरी यायची होती, म्हणून हाजराबीनं पिवळी गोधडी शिवून पेटीवर ठेवली होती. तेवढ्यात जुलैच्या अखेरीस रंगूनला दंगल झाल्याची बातमी आली. आपल्याकडच्या लोकांची घरं जाळली, माणसं मारली, असं चौकात कुणी वर्तमानपत्रातून वाचून दाखवत होतं. जहिदाचं पत्र येईना.

पोस्टमन दिसला की हाजराबी उंबऱ्यात उभी राहायची, तो पुढं गेला की तिथंच बसून राहायची. तिच्या घरात चूल पेटेनाशी झाली. मग एक दिवस ती उठली आणि दारोदार जुनी लुगडी मागू लागली. रंगूनच्या बेघरांसाठी मशिदीत गाठोडी जमत होती. ती मद्रासहून बोटीनं जायची.

"फुला, तिथं लेकरं ओल्या जमिनीवर निजत असतील गं," ती मला म्हणाली.

सगळ्या आळीनं लुगडी दिली. मी सासूबाईंचं एक दिलं, त्यांना न विचारता.

गाठोडी बांधायला हाजराबीकडं मीच गेले. घाई माझ्या हाडात मुरलेली. दिसेल ती घडी उचलली नि कोंबली. संध्याकाळी हाजराबीनं पेटीवरून हात फिरवला, तर पिवळी गोधडी नव्हती. मी मशिदीकडं धावत सुटले, पण गाठोडी स्टेशनवर गेली होती.

"उघड्या कोपऱ्याची गेली, फुला. आता माझी लेक काय वाचत नाय."

नंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी थापताना, दळताना एकच विचार, की जहिदाचं काही झालं तर ते माझ्या हातून झालं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघींत सांगायची. तरी भद्रकाली देवीला नवस बोलले.

कोजागिरीच्या आधी पत्र आलं. मराठी अक्षर वाचून दाखवायला आळीतल्या बायकांत मीच, म्हणून हाजराबीला माझ्या दारात यावं लागलं.

'अम्मा, आम्ही दोघं नवरा-बायको जिवंत आहोत. घर जळालं. शेजारच्या बर्मी म्हातारीनं आम्हाला भाताच्या पोत्यांमागं लपवलं. मुलगी तिच्याच घरात झाली. स्वतःची लुंगी फाडून तिनं बाळाला गुंडाळलं. आमच्यापायी ती आपल्या लोकांच्या शिव्या खाते.'

आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. पिवळी गोधडी कुणाच्या लेकराखाली गेली, ते कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लुगडं मागायला आली. मी माझं हळदीचं काढून दिलं. आठवड्यात गोधडी झाली, तीन कोपरे बंद, चौथा उघडा.

"आता कशाला उघडा? नात झाली की. शिवा तुम्ही," मी म्हटलं.

हाजराबीनं सुईत दोरा ओवला, ती उघड्या कोपऱ्यात टोचून ठेवली आणि रंगूनला धाडायला गोधडीची घडी घातली.

"मी नाय. त्या म्हातारीला शिवू दे. बाळ तिनं आधी पाहिलंय."