ब्राझीलसाठी सोडलेलं मटण

२००२ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा, शिक्षण चौथी, मुक्काम अमेरिकेत नोव्हाय नावाच्या गावी. मुलानं नवं घर घेतलं होतं, एवढं मोठं की जेवायला हाक मारली तर ऐकू जाऊ नये.

चार वर्षांपूर्वी फुटबॉलच्या वर्ल्ड कप फायनलला ब्राझील हरला. तेव्हा आमच्या कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर, अर्जेंटिनावाल्या एका दोस्तासमोर मी जाहीर केलं होतं, ब्राझील पुन्हा कप जिंकेस्तोवर मटण बंद. तो हसला. म्हणाला, "महिन्यात तांबड्या रश्श्यात तोंड घालशील." मी घातलं नाही. कोल्हापूरचा माणूस, चार वर्षं मटणाशिवाय! लोकांना पद्मश्री याहून कमी कामावर मिळते.

आता पुन्हा फायनल होती, जर्मनीशी. हरले तर आणखी चार वर्षं. तोवर दातांनी साथ दिली असती का, देव जाणे.

फायनल रविवारी सकाळी सातला. आणि आमच्या हुशार इंजिनिअर चिरंजीवांनी सत्यनारायण कधी ठेवावा? रविवारी सकाळी सातला. कारण भटजींना दुपारी दुसऱ्या गावी पूजा होती. भटजी आठवडाभर मोटार कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासायचे, शनिवार-रविवार देवाकडं बघायचे.

घरात ब्राझीलची किंमत कुणाला! मुलाला तिथला एकच माणूस ठाऊक, मोटारींच्या शर्यतीत गाडी आपटून गेलेला. सूनबाई पुण्याच्या, त्यांना ठाऊक ती जुन्या सिनेमातली, डोक्यावर फळांची टोपली घेऊन गाणारी नटी. दहा नंबरचा राजा, वाकड्या पायांनी भल्याभल्यांना लोळवणारा, दाढीवाला डॉक्टर जो टाचेनं पास द्यायचा, हे तिघं खेळाडू आमच्या तालमीच्या भिंतीवर मारुतीशेजारी होते. इथं भिंतीवर मुलाची डिग्री.

मी टीव्ही लावला. चॅनल स्पॅनिश. मला इंग्रजी कळत नाही, स्पॅनिशही कळत नाही, पण स्पॅनिशवाले गोल झाला की मनापासून ओरडतात.

"बाबा, प्लीज, टीव्ही बंद करा ना. लोक येतायत."

"आवाज बंद केलाय, सूनबाई. चित्र कुणाच्या मंत्राला नडतंय?"

"बाबा, आपल्या घराची पूजा आहे," मुलगा म्हणाला.

"मग कर की. मी कुठं उठवतोय तुला पाटावरून?"

शेवटी तोडगा निघाला. मी मागं खुर्चीत, टीव्ही कोपऱ्यात मुका, आणि मला गप्प बसवायला हातात घंटा दिली. आरतीला वाजवायची.

पाहुण्यांनी खोली भरली. सगळे क्रिकेटवाले. एकानं पडद्याकडं बघून विचारलं, "काका, त्या माणसाच्या डोक्याला काय झालंय?"

आमच्या गोल मारणाऱ्यानं सगळं डोकं भादरून फक्त कपाळावर झुपका ठेवला होता. मी म्हणालो, "भटजींची शेंडी मागं, त्याची पुढं. कुणाची जास्त कामाची ते आज कळेल."

अर्धा खेळ गोलाशिवाय गेला. कथेतला वाणी एकदा बुडाला, पुन्हा वर आला, माझा ब्राझील काही वर येईना. मग जर्मनांच्या गोलकीपरच्या हातून चेंडू सांडला आणि पुढच्या शेंडीवाल्यानं तो आत ढकलला.

मी उभा राहिलो. घंटा कधी वाजायला लागली, मलाच कळलं नाही.

घरातला थोरला माणूस उभा राहून घंटा बडवतोय म्हटल्यावर सगळे उठले. कुणी टाळ्या सुरू केल्या, कुणी आरती उचलली. भटजींचा अध्याय अर्धा राहिला. ते पोथीत बोट घालून माझ्याकडं बघत राहिले. पण इतकी माणसं गात असताना कोण थांबवणार? आणि आपली माणसं परदेशात एकदा गायला लागली की एका आरतीवर भागत नाही. गणपती झाला, देवी झाली, शंकर झाला, तेवढ्यात शेंडीवाल्यानं दुसरा घातला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

एक काकू सूनबाईंना म्हणाल्या, "काकांची श्रद्धा बघ गं! नाहीतर आपण."

सूनबाईंनी टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "हो ना. फार श्रद्धा."

सामना संपला, मग भटजींनी उरलेले अध्याय वाचले. मी हात जोडून ऐकले. त्या दिवशी मी देवाला कशालाच नाही म्हटलं नसतं. प्रसादाचा शिरा तर दोनदा खाल्ला.

संध्याकाळी मुलगा बोकडाचं मटण घेऊन आला. "घरात नाही हं बाबा, गॅरेजमध्ये," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये गाडीशेजारी शेगडीवर कोल्हापुरी चटणी घालून रस्सा केला. ताट वाढून घेतलं आणि कोल्हापूरला त्या दोस्ताला फोन लावला. तो "कोण?" म्हणाला. मी फोन तोंडाशी धरला आणि मटणाची नळी सुर्रकन ओढली.