दाजींनी उतरवलेली माळ

जुळे सोलापुरात अक्का राहायची त्या बिल्डिंगच्या जिन्यात उजाडताना कोणी आलं, की त्याला आमचे दाजी हमखास भेटत. अंगात बनियन आणि खांद्यावर वाळूचं अर्धं पोतं. ते गच्चीपर्यंत न्यायचं, दम खायचा आणि तेच पोतं पुन्हा खाली आणायचं. एका नव्या भाडेकरूने न राहवून विचारलं, वर काय काम काढलंय? "घर जुनं झालंय की," दाजी म्हणाले, "दुरुस्ती चाललीय." तो बिचारा पुढे आठवडाभर आपलं छत निरखत होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वेळापूरकडचे, नोकरीला एसटी स्टँडवर कंट्रोलर. माइकवर गाड्या पुकारून पुकारून त्यांचं घरातलं बोलणंही तसंच झालं होतं. मी गेलो की आतून आवाज यायचा, "जेवणाची गाडी लागलीय, पाव्हणं, जागा धरून घ्या." लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी अक्का त्या आवाजाला पदराआड हसायची. मला त्या दोघांचा जरा हेवाच वाटायचा.

पन्नाशी उलटली आणि हे पुकारणं बंद झालं. ड्युटीवरून आले की दाजी खुर्चीतच पेंगायचे. पोट सुटलं, साध्या बोलण्यावर ते वसकन अंगावर यायला लागले. मग एका एकादशीला ते पंढरपूरहून गळ्यात तुळशीची माळ घालूनच परतले. मटण सुटलं, आणि अंथरूणही आतल्या खोलीतून हॉलमध्ये, देव्हाऱ्यासमोर आलं. आमच्याकडे माळ घातलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. उलट माझ्या आईने जावयापुढे हात जोडले, आणि मी चारचौघांत "आमचे दाजी माळकरी" म्हणून मिरवून घेतलं. अक्का तेवढी गप्प गप्प असायची. एकदा ओट्याशी भाकरी थापताना तिने मला विचारलं, "माझंच कायतरी चुकलं असंल का रे?" मी म्हणालो, अगं, तू नशीबवान आहेस. 

काही वर्षांनी फोन आला, दाजींनी माळ उतरवली. आईने डोळ्याला पदर लावला. घातलेली माळ उतरवणं ही आमच्या घरात लाज होती. दाजींची खरडपट्टी काढायला मी सोलापूर गाठलं. त्यांनी वाळूचं पोतं खांद्यावर घेतलं, मला गच्चीवर नेलं, पोतं टेकवलं आणि मला त्याच्यावरच बसवलं.

"ती माळ मी इठोबासाटी घातलीच न्हवती, पाव्हणं," ते म्हणाले. "अंगातनं सगळं निघून गेल्यागत झालं हुतं. बायकूजवळ जायाचं मन हुईना आन् तिला तसं सांगायला जीभ रेटंना. मग इठोबाच्या आड लपलो. देवाच्या नावानं लांब निजलो, तर ती बिचारी काय बोलणार?"

साखर वाढली म्हणून ते डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर वयाने लहान, पण त्याने सगळं विचारलं, झोप, घोरणं, आणि जे कोणी विचारत नाही तेही. सकाळचं रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा घेतलं. वयाबरोबर पुरुषांचं हार्मोन थोडं उतरतंच, म्हणाला, पण तुमचं फारच उतरलंय. सुटलेलं पोट, रात्रपाळ्या, मोडलेली झोप, सगळ्यांनी हातभार लावलाय. इंजेक्शनाचं नंतर बघू, आधी राहणी बदला, रोज थोडं ओझं उचलत जा. दाजींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ज्याला नाव होतं, ज्यावर उपाय होता, ते आपण एवढी वर्षं बायकोच्या माथी मारलं, हे त्यांच्या मनातून जाईना. त्याच दिवशी त्यांनी माळ देव्हाऱ्याच्या खुंटीला अडकवली आणि अक्काला सगळं सांगून टाकलं.

"ती रडली न्हाय," दाजी म्हणाले. "एवडंच म्हणली, मला वाटलं मी म्हातारी दिसाया लागले. त्यापरास तिनं चप्पल उचलली असती तर बरं झालं असतं."

मी काय खरडपट्टी काढणार? खाली उतरताना पोतं मी माझ्या खांद्यावर घेतलं.

त्यांनी साहेबांच्या मागे लागून रात्रपाळी बदलून घेतली होती. स्टँडवरची भजी बंद झाली, मटकीची उसळ, भाकरी, दही असं जेवण दिवेलागणीला उरकू लागलं, आणि मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून झोपायची शिस्त लागली. फरक पडायला बरेच महिने गेले. पोट उतरलं, घोरणं कमी झालं, रक्ताचा आकडाही थोडा वर आला. "तरणा न्हाय झालो," ते म्हणायचे, "पर घरला परत आलो." पुढच्या खेपेला मी दारात चप्पल काढतोय, तोच आतून पुकारा आला की चहाची गाडी सुटायच्या बेतात आहे. पाठोपाठ अक्काचं हसू ऐकू आलं.

कॉलनीने मात्र त्यांना माफ केलं नाही. हरिपाठाचं बोलावणं बंद झालं, मटणासाठी माळ उतरवली असं लोक उघड बोलू लागले. खरं सांगितलं तर अक्काची खोली चव्हाट्यावर आली असती, म्हणून दाजी सगळं ऐकून घ्यायचे. मी एकदा सुचवलं, आता पुन्हा माळ घाला, तोंडं बंद होतील. ते म्हणाले, "खोट्यानं घातलेली आता कुटल्या तोंडानं घालू?" अपराधीपण त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. अक्काने पहिला घास घेतल्याशिवाय ते आपलं ताट पुढे ओढायचे नाहीत.

गेल्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने दाजी गेले. वेळापूरहून भावकी आली. त्यांतले एक वडीलधारे म्हणाले, माणूस माळकरी होता, गळा मोकळा ठेवून नेऊ नका. मलाही ते पटलं. निदान जाताना तरी नाव राहावं, असं वाटलं. मी खुंटीवरची माळ काढली आणि दाजींच्या उशाशी वाकलो. तेव्हा अक्काने माझं मनगट धरलं.

"नगं घालू, बाळू," ती म्हणाली. "माझ्यासाटी उतरवली हुती ती त्यांनी."