प्रार्थनेआधीचा घास

चर्चच्या तळघरात टेबलाशी बसताना सोल्वेगने आधी संडासाचं दार शोधलं. बत्तीस पावलं तरी होती, आणि मध्ये सगळं गाव खुर्च्या अडवून बसलेलं.

तिच्या मोठ्या बहिणीच्या, आर्डिसच्या, लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. जेवणानंतर सोल्वेगने चार शब्द बोलायचे होते. पण दोन वर्षं तिने बाहेर कुठे घास घेतला नव्हता. खाल्लं की पोट फुगायचं, कळ यायची, मग धावाधाव. अंगावरचं मांस इतकं उतरलं की कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडाने पाचक रस करणं सोडलंय, आता तो कॅप्सूलमधून पोटात घालायचा. पहिल्या घासाबरोबर दोन, मध्यावर एक. घेऊन ताटकळायचं नाही, नाहीतर कॅप्सूल पुढे निघून जाते आणि जेवण मागे राहतं.

हे तिने बहिणीलाही सांगितलं नव्हतं. मिनेसोटातली ही माणसं गुडघ्यांबद्दल तासभर बोलतील, पोटाबद्दल अवाक्षर काढणार नाहीत.

आर्डिसने तिच्या ताटात हॉटडिशचा मोठा डाव ओतला. बटाटे, खिमा, वर चीजचा जाड थर.

"थोडंच वाढ गं."

"थोडंच आहे. काडी झालीयेस नुसती. का माझ्या हातचं आवडेनासं झालंय? नाताळलाही फिरकली नाहीस."

पास्टर लुंडीन प्रार्थनेला उठले. त्यांची प्रार्थना एरवी चार ओळींची, म्हणून सोल्वेगने रुमालाआड दोन कॅप्सूल गिळून टाकल्या. तेवढ्यात पास्टरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, आणि पन्नास वर्षांचे आभार पहिल्या वर्षापासून मानायला घेतले.

'आमेन' होईपर्यंत काटा उचलायचा नाही, हे तिथली पोरं चालायच्या आधी शिकतात. सोल्वेगने स्वतः कितीक पोरांचे हात चापटून खाली केले होते. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पास्टर अजून आर्डिसच्या दुसऱ्या बाळंतपणाशीच होते. खाऊ नये तर बहीण दुखावणार. उशिरा खावं तर भर सभेत फजिती.

माना खाली होत्या. तिने घास तोंडात घातला.

आर्डिसची मान मात्र वर होती. "सोल्वेग," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "सात वर्षांची आहेस का?"

"औषध घेतलंय. लगेच खावं लागतं."

"कसलं औषध?"

सोल्वेगने कुजबुजत सगळं सांगून टाकलं, धावाधावीसकट.

आर्डिस तिच्याकडे वळली. "म्हणून नाताळला आली नाहीस?"

"म्हणूनच."

"आणि मी अख्खा हिवाळा म्हणतेय, हिला कशाचा राग आलाय. वेडी आहेस." मग तिने आपला काटा उचलला आणि खाऊ लागली. उत्सवमूर्तीच खाते म्हटल्यावर तिच्या नवऱ्याने उचलला, मग शेजारच्या टेबलाने. पास्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आणि उरलेल्या चाळीस वर्षांसाठीही. आमेन."

सोल्वेगने मध्यावर तिसरी कॅप्सूल घेतली, उघडपणे. पोट गुरगुरलं. ती श्वास रोखून थांबली. कळ काही आली नाही. बोलायला उठली तेव्हा आर्डिस पोरांना दटावून संडासाच्या वाटेतल्या खुर्च्या बाजूला करवून घेत होती.

ती मोकळी वाट लागलीच शेवटी, पण चार शब्द बोलून झाल्यावर.