उरलेलं इंजेक्शन

"अर्धी सिरिंज उरलीय. हिच्या तोंडाला लावून टाका."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. मी तिथंच उभी होते, हातात बर्फाची पिशवी घेऊन. बोलणाऱ्या बाई खुर्चीवर आडव्या. ओठ नुकतेच इंजेक्शननं भरून घेतलेले, त्यामुळं शब्द जाड येत होते. कराडजवळच्या एका ऊसवाल्या घरातल्या. पोराचं लग्न तोंडावर आलेलं. आम्ही सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणायचो.

ओठ झाले होते. आता नाकापासून खाली उतरणाऱ्या रेषा भरायच्या होत्या आणि तिथं त्यांचा जीव घाबरत होता. "नॅचरल दिसलं पाहिजे. भावकीत कुणाला कळता कामा नये," असं आल्यापासून घोकत होत्या. मग त्यांना ही युक्ती सुचली. आधी माझ्यावर करायचं. बरं दिसलं तर त्या घेणार.

"आणि बिघडलं तर?" सुई टोचणाऱ्या आमच्या मॅडमनी हसत विचारलं.

"हिचं काय बिघडायचंय? मेंढरामागं रापलेलं तोंड ते."

दोघी हसल्या. मीसुद्धा हसले. माझं ते हसणं आठवलं की अजून अंगाची आग होते.

कराडला लागून असलेल्या मलकापुरातलं ते क्लिनिक. पाटीवर मॅडमच्या नवऱ्याचं नाव. ते त्वचेचे डॉक्टर, पण पुण्याला असायचे, आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस सुई मॅडमच्या हातात. मॅडम डॉक्टर नव्हत्या. कसला तरी कोर्स केला होता. हे आम्हा कामाच्या पोरींना माहीत होतं आणि येणाऱ्या बायका कधी विचारत नव्हत्या. मी पुढच्या टेबलावर बसायचे. फोन घ्यायचा, बायकांना आत सोडायचं, बर्फ द्यायचा. फोनवर बोलायचं एक वाक्य मॅडमनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. "आमच्याकडे प्रत्येक माणसाला नवी सिरिंज, नवी सुई. पाकीट तुमच्यासमोर फोडतो." दिवसभर मी हे म्हणायचे. अभिमानानं म्हणायचे.

"झोप," मॅडम म्हणाल्या. मी झोपले.

झोपलीसच कशी, असं लोक विचारतात. खरं सांगते. नाही म्हणायची सवयच नव्हती. आणि मला ते हवं होतं. लय हवं होतं. बघायला आलेले पाहुणे परत गेले होते. मध्यस्थाकडून निरोप आला, पोरगी कामाची आहे पण गाल बसलेत, थोराड दिसते. त्या क्लिनिकमध्ये जिकडंतिकडं आरसे. कुणी नसलं की मी बोटांनी गाल वर ओढून बघायचे. आता तेच फुकटात मिळत होतं.

खुर्ची वहिनीसाहेबांच्या अंगानं अजून गरम होती. मॅडमनी माझ्या गालावर स्पिरिटचा बोळा फिरवला. मग ट्रेमधली तीच सिरिंज उचलली. सुईपण तीच. टोकाला बारीक लाल ठिपका. मला वाटलं, आता बदलतील. बदलली नाही. दिवा माझ्या तोंडावर ओढला, आणि वहिनीसाहेब नीट दिसावं म्हणून पुढं सरकल्या.

तेव्हा मला आई दिसली.

आम्ही माण तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यातले, मेंढरं राखणारे. दिवाळी सरली की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचो. रात्री ऊसवाल्याच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत, आम्हाला धान्य. सरळ देवाणघेवाण. पण सकाळी मालकीण धान्यासोबत कालच्या भाकरी आणायची, कुणाच्या तरी ताटातल्या, कडेला दात लागलेल्या. वरूनच आईच्या पदरात टाकायची. "घे गं, वाया जात्यात." आई वाकून म्हणायची, "द्या की बाईसाब." खत आमचं, आणि वाकायचं पण आम्हीच. ती भाकरी मी खाल्लीय. दाताकडची कड तोडून कुत्र्याला टाकायची आणि उरलेली खायची.

आणि त्या खुर्चीवर मला कळलं. फोनवर मी दिवसभर ज्याला 'प्रत्येक माणूस' म्हणते, त्यात मी धरलेलीच नाही.

मी मॅडमचं मनगट धरलं.

"नवीन फोडा."

"काय?"

"न्हाई तर मला नको. दुसरीच्या रक्ताची सुई मी तोंडाला लावून घेणार न्हाई."

गावची बोली बाहेर आली. टेबलावर ती बोलायला मॅडमनी मनाई केली होती.

"डोकं फिरलं का तुझं? फुकट मिळतंय. बायका रांगा लावतात याला."

"मग त्यांच्यासाठी ठेवा. न्हाई तर वहिनीसाहेबांस्नीच लावा, त्यांचीच हाय ती."

वहिनीसाहेब सुजल्या ओठांनी म्हणाल्या, "लय माज आला गं धनगराच्या पोरीला."

"व्हय, आला."

मोठ्या धीरानं बोलले असं वाटेल. तसं काही नव्हतं. कसंही करून त्या खुर्चीतनं सुटायचं होतं. उतरताना ट्रेला धक्का लागला आणि सगळं खाली सांडलं. मॅडम सिरिंज उचलायला धावल्या. मी पडले की राहिले, कुणी बघितलं नाही.

बाहेर एक मुलगी आईसोबत थांबली होती, कोयनानगरकडची, लग्न ठरलेली. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. आत सुई टोचणाऱ्या बाई डॉक्टर नाहीत. एकीची सुई दुसरीला लावायला निघाल्या होत्या. माय-लेकी उठल्या, चपला घातल्या, गेल्या. दारातून मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

आईला फोन केला. "आगं, येवढ्यासाठनं नोकरी घालवलीस? गप घ्यायचं हुतंस," आई म्हणाली.

"तू घेतलंस आई. आता मी न्हाई घ्यायची."

तिनं फोन ठेवला. लय दिवस बोलली नाही.

आता मी सांगलीत एका डॉक्टरांकडं आहे. हे खरे डॉक्टर, स्वतः टोचतात. काम तेच, फोन आणि टेबल. पण स्वस्थ बसवत नाही. बायका विचारतात, "नॅचरल दिसंल न्हवं?" मी म्हणते, दिसायचं मागनं बघू. आधी विचारा, टोचणार कोण. काय भरणार, किती भरणार, आणि बिघडलं तर काय करणार. पाकीट डोळ्यांदेखत फोडायला लावा. थोडंच घ्या. मन कचरलं तर उठून चालू लागा, लाजू नका. माझ्या स्वतःच्या गालाचं अजून ठरलं नाही. भरीन, नाही तर नाही भरणार. ठरवणार मी.

परवा डॉक्टर म्हणाले, "तुझ्या प्रश्नांनी पेशंट बिचकतात. तू माणसं आणायला बसलीयस, घालवायला नाही."

मी म्हणाले, "सर, चूक दिसली तर घालवीन. तुमच्या दारातूनसुद्धा, हाताला धरून घालवीन."

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कामावरून काढतील कदाचित. काढू देत. तिसरीकडं जाईन आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच बाईला हेच सांगीन.