जरीनाचा राहिलेला रोजा

रमजानात मंगळवार पेठेतल्या जरीनाला सकाळी नऊ वाजता चोरासारखं खावं लागे. घरात सगळ्यांचे रोजे. ती स्वयंपाकघराचा पडदा ओढून अर्धी भाकरी खायची आणि वर गोळी घ्यायची. स्तनाचा कर्करोग वाढू नये, पसरू नये म्हणून निघालेलं हे नवं औषध अजून चाचणीत होतं. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच होते. त्याखेरीज निम्म्या बायकांना औषधाची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. विज्ञानात याला काटेकोरपणा म्हणतात.

साड्यांना फॉल-पिको करता करता, मशीनवर पाय मारतच तिने चाळीस वर्षं रोजे धरले होते. आता गोळी ठरल्या वेळेला आणि खाल्ल्यावरच. तपासणीच्या दिवशी तिने डॉक्टर अनुजांना विचारलं, "मॅडम, गोळीत कायच नसलं, तर माझे रोजे उगंच गेले की."

"आणि असलं तर?"

"तर गेले ते बरं झालं. पण एक तरी धरू द्या. सत्ताविसावा, बड्या रातीचा."

"वेळ बदलणं माझ्या हातात नाही, भाभी. चाचणीवाल्यांना विचारते."

चाचणीवाल्यांनी सावकाश विचार केला. सत्ताविसावा गेला, ईद झाली, शिरखुर्म्याचं पातेलं घासून फळीवर गेलं, आणि मग परवानगी आली. रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, एक दिवस गोळी संध्याकाळी जेवणावर चालेल, चक्कर आली तर रोजा लगेच सोडायचा.

"आता काय उपयोग त्येचा?" नवरा अझीम म्हणाला.

"राहिलेला मागनं धरता येतोय."

"एकटीच?"

"एकटीच की."

गुरुवारी तिने धरला. रमजानासारखं पहाटे जेवायला उठवत कोणी हाका मारत फिरलं नाही. दुपारी सून मेहक सवयीने तिच्यापुढे चहा ठेवून गेली आणि जीभ चावत कप न्यायला परत आली. समोरच्या गाड्यावर भर उन्हात भजी तळत होते, आणि लोक खात होते. त्यांचं काही चुकत नव्हतं.

सूर्य बुडून मगरिबची अजान झाली, तेव्हा दस्तरखानावर एकच ताट होतं. अझीम टोपी घालून समोर येऊन बसला.

"तुमी तर दुपारी जेवलाय."

"व्हय. बसायला बंदी हाय काय?"

तिने हात पसरून दुआ मागितली, खजूर खाल्ला, चार घास घेतले आणि गोळी तळहातावर घेतली.

"काय मागितलंस?"

"पुढचा रमजान," ती म्हणाली. "सगळ्यांसंगं."

अझीमने पाण्याचा पेला पुढे सारला.